आवाज येतोय, मग प्लगिनची विंडो कोरी का?

गायकाचा ट्रॅक रेकॉर्ड झाला. आवाजाचे चढउतार आवरणारा कम्प्रेसर लावायचा म्हणून त्याच्या प्लगिनवर, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडलेल्या जास्तीच्या साधनावर, डबल क्लिक केलं, तर समोर नुसता पांढरा चौकोन. नॉब नाही, मीटर नाही, एक अक्षर नाही. बंद करून पुन्हा उघडलं तरी तोच चौकोन. पण प्ले दाबलं की आवाज नीट येतो, आणि कान सांगतात की कम्प्रेसर आपलं काम करतोय.

अशा वेळी बहुतेक जण प्लगिन काढून टाकतात आणि पुन्हा इन्स्टॉल करतात. त्यात तासभर जातो, लायसन्स पुन्हा भरावं लागतं, आणि पुष्कळदा चौकोन पांढराच राहतो. कारण बिघाड बहुधा प्लगिनच्या फाइलमध्ये नसतो. प्लगिन, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम या तिघांमध्ये जी देवाणघेवाण चालते, तिच्यात तो असतो. ती कशी चालते हे एकदा समजून घेतलं, की विंडो कोणत्या तऱ्हेनं बिघडलीय यावरूनच कुणाकडे बघायचं ते कळायला लागतं.

आवाजाची वाट वेगळी, चित्राची वेगळी

प्लगिन हा स्वतंत्र प्रोग्रॅम नसतो. क्युबेस, रीपर, लॉजिक, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, आर्डर, ऑडॅसिटी यांपैकी जे सॉफ्टवेअर तुम्ही वापरता ते प्लगिनला आपल्या पोटात घेऊन चालवतं. त्याला होस्ट म्हणतात. स्टाइनबर्ग कंपनीनं १९९६ साली व्हीएसटी हा फॉरमॅट आणला तेव्हापासून ही पद्धत घरोघरी पोचली. पुढे अ‍ॅपलचं ऑडिओ युनिट्स, प्रो टूल्ससाठीचं एएएक्स, लिनक्सवरचं एलव्ही२, २०२२ साली आलेलं क्लॅप असे बरेच फॉरमॅट झाले. फॉरमॅट कोणताही असो, आतली रचना साधारण एकच असते: एक भाग आवाजावर काम करतो, दुसरा भाग चित्र काढतो.

आवाजाच्या भागाला क्षणाचीही सवलत नसते. सेकंदाला आवाजाची ४८,००० मापं (सॅम्पल) आणि एका वेळी २५६ सॅम्पलचा तुकडा (बफर) असेल, तर दर ५.३ मिलिसेकंदांना पुढचा तुकडा तयार हवा, नाहीतर आवाज तुटतो. चित्राचं तसं नाही. सेकंदाला ६० वेळा चित्र बदललं तरी दोन चित्रांमध्ये जवळजवळ १७ मिलिसेकंद मिळतात, आणि एखादं चित्र चुकलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून दोन्ही कामं एकाच वेळी चालणाऱ्या वेगवेगळ्या धाग्यांवर (थ्रेड) चालतात आणि आवाजाला आधी वाट मिळते. चित्र पूर्ण बंद पडलं तरी आवाज चालू राहतो तो यामुळेच.

याचा एक मोठा दिलासा आहे. प्रोजेक्ट सेव्ह होतो तेव्हा कम्प्रेसर कुठून दाबायला लागतो (थ्रेशोल्ड), किती दाबतो (रेशो), असे आकडे सेव्ह होतात. चित्र सेव्ह होत नाही. विंडो कोरी दिसली म्हणून तुमचा मिक्स गेलेला नसतो, सगळी सेटिंग्ज जागच्या जागी असतात. घाबरून प्लगिन ट्रॅकवरून काढून टाकू नका. काढलंत तर मात्र ते आकडे खरोखरच जातील.

आता चित्राकडे. होस्ट एक रिकामी विंडो उघडतो आणि प्लगिनला सांगतो, ही तुझी जागा, इथं काय काढायचं ते काढ. प्लगिन आपल्याला किती जागा हवी ते कळवतं, म्हणजे समजा ८०० बाय ६०० पिक्सेल, आणि मग आपल्या पद्धतीनं तिथं चित्र काढतं. ‘आपल्या पद्धतीनं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एक प्लगिन सगळं चित्र प्रोसेसरकडून काढून घेतं, दुसरं ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतं, तिसऱ्याच्या विंडोत चक्क वेबपेज चालू असतं. एकाच होस्टमध्ये दहा प्लगिन्स दहा रीतींनी चित्र काढत असतात. त्यामुळे नऊ नीट दिसतात आणि दहावं पांढरं, यात नवल काही नाही.

पहिली कसोटी: चित्राशिवाय प्लगिन चालतं का

जवळजवळ प्रत्येक होस्टमध्ये प्लगिनचं स्वतःचं चित्र बाजूला ठेवून साध्या स्लायडरांची यादी बघायची सोय असते. रीपरमध्ये प्लगिनच्या विंडोत वर ‘यूआय’ असं छोटं बटण आहे, ते दाबलं की नक्षीकाम जातं आणि स्लायडर येतात. लॉजिकमध्ये प्लगिनच्या विंडोतल्या ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘एडिटर’ऐवजी ‘कंट्रोल्स’ निवडायचं. आर्डरमध्ये प्लगिनवर राइट क्लिक करून ‘एडिट विथ जेनेरिक कंट्रोल्स’. ऑडॅसिटीत इफेक्टच्या ऑप्शन्समध्ये ‘ग्राफिकल मोड’ची खूण काढायची आणि इफेक्ट बंद करून पुन्हा उघडायचा.

स्लायडर दिसले, हलवल्यावर आवाज बदलला, म्हणजे प्लगिन धडधाकट आहे आणि फक्त चित्र काढण्यात अडचण आहे. पुन्हा इन्स्टॉल करण्याचा विचार तिथंच सोडून द्यावा. स्लायडरही आले नाहीत, तर मात्र प्लगिन नीट लोडच झालेलं नाही. तो वेगळा आजार आहे, आणि त्याचं औषधही वेगळं.

या यादीचा आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. एकदा गायिका माइकसमोर उभी, हेडफोनमध्ये रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) हवा म्हणतेय, आणि रिव्हर्बची विंडो काळी ठिक्कर. दुरुस्तीला बसलो असतो तर तिचा लागलेला सूर गेला असता. स्लायडरांच्या यादीत ‘डिके’ आणि ‘मिक्स’ शोधले, दोन्ही थोडे खाली आणले आणि रेकॉर्डिंग पुढे नेलं. काळ्या विंडोचं कारण रात्री शोधलं. रेकॉर्डिंग सुरू असताना दुरुस्ती करायची नाही हा नियम मी तेव्हापासून पाळतो, आणि तुम्हीही पाळावा असं मनापासून सांगेन.

दुसरी कसोटी दोन प्रश्नांची. हेच प्लगिन दुसऱ्या होस्टमध्ये नीट दिसतं का? आणि याच होस्टमध्ये दुसऱ्या कंपनीची प्लगिन्स नीट दिसतात का? प्लगिन सगळीकडेच बिघडलेलं दिसत असेल तर दोष प्लगिनचा किंवा ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे ड्रायव्हरचा. एकाच होस्टमध्ये बिघडत असेल तर त्या होस्टची सेटिंग. एका होस्टमध्ये सगळीच प्लगिन्स बिघडली असतील तर प्लगिन्सच्या मागे लागण्यात अर्थ नाही. काही प्लगिन्ससोबत स्वतंत्रपणे चालणारी आवृत्तीही येते, विशेषतः सिंथ आणि गिटार अ‍ॅम्पच्या प्लगिन्ससोबत. ती उघडून बघणं हा सगळ्यात झटपट उपाय, कारण तिथं होस्ट मध्ये येतच नाही.

इवलीशी, धूसर, की अर्धीच

सगळ्यात जास्त तक्रारी याच. त्यामुळे इथं थोडं थांबू.

८०० पिक्सेल रुंदीचं प्लगिन घ्या. २४ इंची साध्या फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात, म्हणून ते प्लगिन २२ सेंटिमीटर रुंद दिसतं. हेच प्लगिन २७ इंची फोर-के मॉनिटरवर न्या: तिथं इंचात १६३ पिक्सेल, म्हणजे रुंदी साडेबारा सेंटिमीटर. आणि १५.६ इंची फोर-के लॅपटॉपवर इंचात २८२ पिक्सेल, म्हणजे उरले जेमतेम सात सेंटिमीटर. २४ इंची मॉनिटरवर एक सेंटिमीटरहून मोठा असलेला ४० पिक्सेलचा नॉब इथं साडेतीन मिलिमीटरचा होतो. त्याच्याखालचे आकडे वाचायला भिंग लागेल.

म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम सगळं चित्र मोठं करून दाखवते. याला स्केलिंग म्हणतात. विंडोजमध्ये इंचाला ९६ पिक्सेल हा आधार धरून त्याला १०० टक्के म्हणतात. १५० टक्के म्हणजे १४४, २०० टक्के म्हणजे १९२. मोठं करायचे दोन रस्ते आहेत. प्रोग्रॅमला स्वतःला मोठं चित्र काढता येत असेल तर तो तसं सिस्टिमला सांगतो आणि सिस्टिम त्याच्या वाटेला जात नाही. येत नसेल तर सिस्टिम त्याचं लहान चित्र ताणून मोठं करते. ताणलेलं चित्र आकारानं बरोबर असतं, पण धूसर.

खरी गोम पुढे आहे. हे सांगण्याचा अधिकार प्रोग्रॅमला असतो, आणि प्लगिन हा प्रोग्रॅम नाही. ते होस्टच्या पोटात चालतं. होस्टनं सिस्टिमला सांगितलं की आम्हाला मोठं चित्र काढता येतं, तर सिस्टिम होस्टमधल्या कशालाच ताणत नाही. होस्टचे स्वतःचे फेडर, बटणं मोठी आणि स्पष्ट दिसतात. पण आत बसलेल्या दहा वर्षं जुन्या प्लगिनला मोठं चित्र काढताच येत नाही. ते बिचारं ८०० पिक्सेलचंच राहतं, आणि आपल्याला दिसतं इवलंसं. उलट होस्टनंच ‘आम्हाला येत नाही’ म्हटलं, तर नव्या प्लगिनसकट सगळंच ताणलं जातं आणि सगळंच धूसर होतं.

तेव्हा लक्षात ठेवा. प्लगिन इवलंसं पण रेखीव दिसत असेल, तर मोठं करण्याचं काम कुणीच अंगावर घेतलेलं नाही. धूसर पण योग्य आकाराचं असेल, तर ते काम सिस्टिमनं केलंय. आणि अवाढव्य दिसून कडेला कापलं जात असेल, तर ते काम दोघांनी केलंय: होस्टनं किंवा सिस्टिमनं एकदा मोठं केलं आणि प्लगिननं पुन्हा एकदा.

चौथा प्रकार सगळ्यात त्रासदायक. चित्र ठीक दिसतं, पण नॉब धरायला जावं तर शेजारचा फिरतो. इथं चित्र मोठं झालंय, पण माउसची जागा जुन्याच हिशेबानं मोजली जातेय. १५० टक्क्यांवर तुम्ही डावीकडून ३०० व्या पिक्सेलवर क्लिक करता आणि प्लगिनला कळतं २००. किंवा उलट. याची एक साधी परीक्षा आहे. विंडोच्या डाव्या वरच्या कोपऱ्याजवळच्या एखाद्या बटणावर क्लिक करा, मग उजव्या खालच्या कोपऱ्याजवळच्या. डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ चूक नगण्य आणि लांब गेलं की वाढत जाते, असं असेल तर स्केलिंगचा घोळ. चूक सगळीकडे सारखीच असेल, म्हणजे प्रत्येक क्लिक तेवढाच खाली किंवा वर पडत असेल, तर होस्टच्या वरच्या पट्टीची उंची धरण्यात गफलत झाली आहे. ती बहुधा विंडो बंद करून उघडली की जाते.

उपाय करताना आतून बाहेर यावं. आधी प्लगिनच्या आत बघा: कोपऱ्यातली ओढायची खूण, दातेरी चाकाचं चिन्ह, किंवा कंपनीच्या नावावर क्लिक केल्यावर येणारा मेन्यू. आजकालच्या बहुतेक प्लगिन्समध्ये ‘७५, १००, १५०, २००’ अशी आकाराची निवड यांपैकी कुठंतरी सापडते. ती नसेल तर होस्टकडे या. काही होस्ट प्रत्येक प्लगिनसाठी हे वेगवेगळं ठरवू देतात. विंडोजवरच्या एबलटन लाइव्हमध्ये प्लगिनच्या पट्टीवर राइट क्लिक केलं की ‘ऑटो-स्केल प्लग-इन विंडो’ येतं. एफएल स्टुडिओत प्लगिनच्या रॅपर सेटिंग्जमध्ये ‘डीपीआय अवेअर व्हेन यूआय स्केल्ड’ आहे (डीपीआय म्हणजे इंचातले पिक्सेल). हे बदलल्यावर विंडो बंद करून पुन्हा उघडायची, नाहीतर फरक दिसत नाही आणि उपाय फुकट गेला असं वाटतं.

यांनी भागलं नाही तरच विंडोजकडे वळा. होस्टच्या एक्झी फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. तिथं स्केलिंग कुणी करायचं ते सक्तीनं ठरवता येतं: ‘अ‍ॅप्लिकेशन’, ‘सिस्टिम’ किंवा ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’. ही सक्ती अख्ख्या होस्टवर लागू होते. एका जुन्या प्लगिनसाठी सगळा होस्ट धूसर करून घ्यायचा का, हा तुमचा निर्णय. मी सहसा घेत नाही. एक प्लगिन चालवायला आठ तास धूसर स्क्रीनकडे बघत बसणं डोळ्यांना परवडत नाही.

दोन मॉनिटर असतील तर एक गोष्ट आणखी तपासा. लॅपटॉप १५० टक्क्यांवर आणि बाहेरचा मॉनिटर १०० वर असेल, तर विंडो एकीकडून दुसरीकडे ओढताना प्लगिनला आपला हिशेब जागच्या जागी बदलावा लागतो. प्रत्येक मॉनिटरचा वेगळा हिशेब ठेवायची सोय विंडोजमध्ये २०१३ च्या ८.१ आवृत्तीत आली आणि २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये सुधारली. त्याआधी लिहिलेल्या प्लगिनला हे माहीत असण्याची शक्यता नाही. दोन्ही मॉनिटरची टक्केवारी तात्पुरती सारखी करून बघा. बदलल्यावर साइन आउट करून पुन्हा आत या, मगच निष्कर्ष काढा.

मॅकवर इवल्याशा विंडोचा त्रास क्वचित होतो. तिथं प्लगिन पिक्सेलमध्ये न मोजता ‘पॉइंट’ नावाच्या मापात मोजतं, आणि एका पॉइंटमध्ये किती पिक्सेल ते सिस्टिम बघते. म्हणून रेटिना स्क्रीनवर जुनं प्लगिन लहान न होता थोडं धूसर होतं, एवढंच.

कोरी, काळी, लुकलुकणारी

आकार बरोबर पण आत काहीच नाही, किंवा चित्र येतंय-जातंय, किंवा मागच्या विंडोचे तुकडे अडकून राहिलेत, असं असेल तर संशय ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरवर घ्यायचा.

बरीच वर्षं प्लगिन्सनी चित्र काढायला ओपनजीएल (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याचं तंत्र) वापरलं, कारण ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालायचं. पण अ‍ॅपलनं २०१८ मध्ये मोहावी आवृत्तीपासून ओपनजीएल कालबाह्य ठरवलं. ते अजून चालतं, पण पुढे सुधारणा होत नाही. अ‍ॅपलची वाट आता मेटलची. विंडोजवर त्याच कामाला डायरेक्टटूडी आहे. असंख्य प्लगिन्स जूस नावाच्या फ्रेमवर्कवर (प्लगिन लिहिण्याचा तयार सांगाडा) बांधलेली असतात, आणि २०२४ मध्ये त्याच्या आठव्या आवृत्तीत विंडोजवरचं चित्र डायरेक्टटूडीनं काढायची व्यवस्था आली. म्हणजे प्लगिनच्या अपडेटमध्ये एकही नवा नॉब आलेला नसला, तरी चित्र काढायची आतली यंत्रणा बदललेली असू शकते. ‘अपडेट केल्यापासून असं होतंय’ हे वाक्य म्हणूनच महत्त्वाचा पुरावा आहे. ते दुर्लक्षू नका.

पहिला उपाय: प्लगिनच्या सेटिंग्जमध्ये ‘जीपीयू’, ‘ओपनजीएल’ किंवा ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’ असं काही असेल तर ते बंद करा. विंडोच कोरी असेल तर तिथं पोचणार कसं? त्या प्लगिनची स्वतंत्र आवृत्ती किंवा दुसरा होस्ट कामी येतो. तिथं चित्र दिसलं तर सेटिंग बदला, प्लगिन ती आपल्या सेटिंग फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि बहुधा सगळ्या होस्टमध्ये तीच वाचली जाते. तेही जमलं नाही तर सेटिंग फाइलच शोधायची: विंडोजवर ती बहुधा अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये असते, मॅकवर लायब्ररीतल्या प्रेफरन्सेस किंवा अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये. फाइल डिलीट करू नका, तिचं नाव बदला. प्लगिन नवी फाइल कोऱ्या सेटिंग्जसह तयार करेल, आणि काही बिनसलं तर जुनी परत आणता येईल. तुमचे प्रीसेट त्याच फोल्डरमध्ये असू शकतात, तेव्हा आधी एक प्रत काढून ठेवा.

दुसरा उपाय लॅपटॉपवाल्यांसाठी. पुष्कळ लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात, एक वीज वाचवणारी आणि एक ताकदीची. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथं जाऊन कोणत्या प्रोग्रॅमला कोणती चिप ते ठरवता येतं. यादीत नाव होस्टचं घालायचं, कारण प्लगिन त्याच्याच पोटात आहे. एक चिप लावून बघा, मग दुसरी. कोणती चालेल ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. ताकदीची चिपच नेहमी बरी ठरते असं नाही.

मग ड्रायव्हर. नवा घालायच्या आधी एक साधी कळ दाबून बघा: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. प्रोजेक्ट सेव्ह करून मगच दाबा. विंडो सुधारली तर ड्रायव्हर अडकला होता, आणि त्याची नवी आवृत्ती घेण्यात अर्थ आहे.

स्क्रीनवर फ्रेमरेट दाखवणारी, गेम रेकॉर्ड करणारी सॉफ्टवेअर्स इतर प्रोग्रॅम्सच्या चित्रात हात घालतात. त्यांना प्लगिनची ओपनजीएल विंडो म्हणजे गेम वाटते. ती सॉफ्टवेअर्स पूर्ण बंद करून बघा. रिमोट डेस्कटॉपनं दुसऱ्या जागेवरून संगणक वापरत असाल तर खऱ्या ग्राफिक्स कार्डाऐवजी तोकडी पर्यायी व्यवस्था मिळू शकते, आणि विंडो काळी होते. संगणकासमोर बसल्यावर ती ठीक असते. आणि ज्या प्लगिनच्या विंडोत वेबपेज चालतं, त्याला विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा ‘वेबव्ह्यू२ रनटाइम’ लागतो. तो नसला किंवा मोडला असला तर विंडो पांढरीच राहते. तो एकदा इन्स्टॉल केला की काम झालं.

विंडो आहे, पण दिसत नाही

दुसरा मॉनिटर काढून ठेवला, पण प्लगिनची विंडो शेवटची त्याच मॉनिटरवर होती. आता ती तिकडेच, अदृश्य जागी उघडतेय. विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण यांनी ती दुसऱ्या स्क्रीनवर ओढता येते. नाही जमलं तर विंडोज आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा, किंवा मॉनिटर पुन्हा जोडून विंडो इकडे आणा.

होस्ट पूर्ण गोठल्यासारखा वाटतोय, कुठंच क्लिक होत नाही, अशा वेळी टास्क मॅनेजर उघडण्याआधी दहा सेकंद थांबा आणि ऑल्ट-टॅब करा. प्लगिननं लायसन्स विचारणारा छोटा डायलॉग उघडलेला असतो आणि तो होस्टच्या मागे दडलेला असतो. उत्तर मिळेपर्यंत होस्ट हलत नाही. फुल स्क्रीनमध्ये काम करणाऱ्यांना हे जास्त भोगावं लागतं. अशा वेळी होस्ट मारून टाकल्यामुळे सेव्ह न केलेलं काम गेल्याची उदाहरणं मी इतकी पाहिली आहेत की हे ठळकपणे सांगावंसं वाटतं.

मीटरची सुई हलत नाही ही तक्रारही ऐकू येते. दरवेळी तो बिघाड नसतो. क्युबेसमध्ये आवाज येत नसताना व्हीएसटी३ प्लगिन्सचं काम थांबवायची सेटिंग आहे, रीपरमध्येही प्लेबॅक थांबल्यावर इफेक्ट चालू ठेवायचे की नाही ते ठरवता येतं. काम थांबलं की मीटरला दाखवायला काही उरत नाही. प्ले दाबल्यावर सुई हलली तर सगळं ठीक आहे. प्ले चालू असतानाही चित्र अडखळत असेल, तर उघड्या विंडो मोजा. स्पेक्ट्रम दाखवणारे आठ इक्यू (इक्वलायझर) एकाच वेळी उघडे असतील तर चित्रं काढणारा थ्रेड दमणारच. लागेल तेवढीच विंडो उघडी ठेवा.

नॉब दिसतात पण पार्श्वभूमी नाही, किंवा अक्षरांच्या जागी चौकोन, असं अर्धवट चित्र असेल तर प्लगिनला स्वतःच्या चित्रांच्या फाइल्स सापडत नाहीयेत. कुणीतरी मुख्य फाइल उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेली आणि तिच्यासोबतचं फोल्डर मागेच राहिलं, हे नेहमीचं कारण. इथं मात्र पुन्हा इन्स्टॉल करणं हाच उपाय, आणि जागा इन्स्टॉलर सुचवेल तीच ठेवायची. आपल्यासाठी एक जास्तीची सूचना: संगणकावर युजरचं नाव देवनागरीत ठेवलं असेल तर फोल्डरचा पत्ताही देवनागरीत होतो, आणि काही जुन्या प्लगिन्सना तो वाचता येत नाही. रोमन अक्षरांतलं नवं खातं उघडून तिथं प्लगिन बघा. तिथं चित्र पूर्ण दिसलं तर कारण सापडलं.

वेगळ्या खोलीत बसवणं

काही होस्ट प्लगिनला आपल्या पोटातून काढून वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे वेगळ्या प्रोग्रॅमसारखं, चालवू शकतात. याला ब्रिज करणं म्हणतात. रीपरमध्ये प्लगिनच्या यादीत राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज’, मग ‘सेपरेट प्रोसेस’. एफएल स्टुडिओत ‘मेक ब्रिज्ड’. असं केलं की त्या प्लगिनचा स्केलिंगचा आणि ग्राफिक्सचा हिशेब होस्टपासून सुटा होऊ शकतो, आणि हटवादी जुनी प्लगिन्स पुष्कळदा इथं सरळ वागतात. प्रोसेसरवर थोडा भार वाढतो, म्हणून हे सरसकट करू नये.

ब्रिजचा तोटा उलट बाजूनंही दिसतो. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकवर इंटेलसाठी लिहिलेली ऑडिओ युनिट्स रोझेटा २ (इंटेलचे प्रोग्रॅम नव्या चिपवर चालवणारा दुवा) च्या मदतीनं वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, आणि त्यांची विंडो कधीकधी उशिरा उमटते किंवा रिकामी राहते. प्लगिनची नव्या चिपसाठीची आवृत्ती निघाली असेल तर तीच घ्या. लिनक्सवर प्लगिन्सच्या विंडो अजून बहुतांशी एक्स११ या जुन्या विंडो-व्यवस्थेच्या पद्धतीनं होस्टमध्ये बसवल्या जातात, आणि तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये तशी एकाची विंडो दुसऱ्यात बसवायची सोय मुळात नाही. मधे दोघांना जोडणारं एक्सवेलँड असतं म्हणून काम चालतं. विचित्र काही दिसलं तर लॉगिन करताना एक्स११ चं सेशन निवडून तुलना करा.

कंपनीला कळवताना

एवढं करूनही विंडो सुधारली नाही, तर प्लगिन बनवणाऱ्यांना लिहा. ‘विंडो दिसत नाही’ एवढ्यानं त्यांना काहीच करता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, होस्टचं नाव आणि आवृत्ती, प्लगिनची आवृत्ती आणि फॉरमॅट, ग्राफिक्स चिप आणि तिच्या ड्रायव्हरची आवृत्ती, मॉनिटर किती, प्रत्येकाचं रेझोल्यूशन आणि टक्केवारी किती, हे लिहा. स्लायडरांच्या यादीत प्लगिन चालतं की नाही आणि दुसऱ्या होस्टमध्ये कसं दिसतं, हेही लिहा. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये एकटं तेच प्लगिन टाकून बिघाड पुन्हा घडवता आला, तर तो प्रोजेक्टही जोडा.

सोबत दोन चित्रं पाठवा: एक स्क्रीनशॉट, आणि एक त्याच क्षणी फोननं काढलेला स्क्रीनचा फोटो. दोन्हींत बिघाड सारखाच दिसला तर तो चित्र तयार होतानाच झालाय. पण फोटोत विंडो फाटलेली आणि स्क्रीनशॉटमध्ये अगदी नीट असेल, तर चित्र बरोबर तयार झालं होतं आणि पडद्यापर्यंत जाताना वाटेत बिघडलं. मग पत्र बाजूला ठेवा आणि आधी मॉनिटरची केबल बदलून बघा.